सीनियरची जुनी फोर्ट्रान फाइल उघडली आणि काहीच कळेना? आधी हे शब्द समजून घ्या

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी मला फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतली एक फाइल मिळाली होती. आत सगळं कॅपिटल अक्षरांत, प्रत्येक ओळ डावीकडून सहा जागा सोडून सुरू होणारी, मधूनच कडेला १०, २०, १०० असे आकडे, आणि समजावणारं वाक्य एकही नाही. पायथन बऱ्यापैकी येत होतं त्यामुळे वाटलं आठवड्यात वाचून होईल, प्रत्यक्षात दोन महिने गेले, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ गणित समजायला नाही तर नुसते शब्द समजायला गेला. फोर्ट्रानमधला जवळजवळ प्रत्येक विचित्र शब्द कुठल्यातरी खऱ्या अडचणीतून आलाय, कधी पंचकार्डाच्या (भोकं पाडून कोड नोंदवायचं जाड कागदाचं कार्ड), कधी तुटपुंज्या मेमरीच्या, आणि ती अडचण कळली की शब्द लक्षात राहतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. म्हणून आज तेच सांगते. कीवर्ड, म्हणजे भाषेचे ठरलेले शब्द, बोलताना उच्चारतो तसेच लिहिलेत.

फोर्ट्रान म्हणजे फॉर्म्युला ट्रान्सलेशन, सूत्राचं भाषांतर. १९५३ च्या शेवटी आयबीएममधल्या जॉन बॅकस यांनी वरिष्ठांपुढे प्रस्ताव मांडला की माणसाने सूत्र वहीत लिहितो साधारण तसंच लिहावं आणि मशीनच्या भाषेत ते मशीननेच बदलून घ्यावं. १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरसाठी ते खरंच तयार झालं. हे भाषांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. मशीनने केलेलं भाषांतर हाताने लिहिलेल्या कोडइतकं वेगवान असूच शकत नाही असं तेव्हा बऱ्याच लोकांना वाटायचं, त्यामुळे बॅकस यांच्या टीमने सगळा जोर वेगावर दिला, आणि तो हट्ट या भाषेत आजही दिसतो.

तुम्ही लिहिता तो सोर्स कोड. कंपायलर त्याची ऑब्जेक्ट फाइल करतो, म्हणजे मशीनच्या भाषेतला तुकडा, आणि अशा सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्ररी (तयार कोडचे संग्रह) जोडून चालवता येणारी एक फाइल बनवतो तो लिंकर. हा फरक लक्षात ठेवा कारण एरर दोन्हीकडून येतात. 'सिंटॅक्स एरर' आली तर लिहिण्यात चूक आहे, पण 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आली तर बहुतेकदा तुमची ओळ बरोबर असते, फक्त तुम्ही बोलावलेलं सबरुटीन (प्रोग्रामचा वेगळा लिहिलेला तुकडा) ज्या फाइलमध्ये आहे ती जोडायची राहिलीय. मी या एररवर एक अख्खी संध्याकाळ कोडमधले स्वल्पविराम तपासत बसले होते.

आता त्या सहा मोकळ्या जागा. प्रोग्राम तेव्हा पंचकार्डावर लिहायचे, एका कार्डावर एक ओळ, आणि कार्डावर ८० कॉलम. कॉलम १ ते ५ ओळीच्या नंबरासाठी, त्या नंबराला लेबल म्हणतात. कॉलम ६ मध्ये काहीतरी चिन्ह असलं तर ही ओळ वरच्या ओळीचा पुढचा भाग आहे असं समजायचं, म्हणजे कंटिन्युएशन. खरा कोड कॉलम ७ ते ७२. उरलेल्या ७३ ते ८० मध्ये कार्डाचा क्रमांक पंच करायचे, गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यावा म्हणून, आणि कंपायलर तिकडे बघतसुद्धा नाही. पहिल्या कॉलममध्ये सी असेल तर ती ओळ कॉमेंट. या सगळ्या मांडणीला फिक्स्ड फॉर्म म्हणतात आणि फोर्ट्रान ७७ पर्यंतचा सगळा कोड असाच असतो.

पंचकार्ड कधीच गेली पण नियम राहिला, आणि त्याचा फटका मला बसला. एका लांब बेरजेच्या ओळीत शेवटी मी एक पद वाढवलं, व्हेरिएबलचं (किंमत ठेवायच्या जागेचं) नाव आर१२. त्यातला २ नेमका ७३ व्या कॉलममध्ये गेला. कंपायलरने तो सोडून दिला आणि आर१२ च्या जागी आर१ वाचलं, आर१ सुद्धा प्रोग्राममध्ये होताच, त्यामुळे ना एरर ना काही, प्रोग्राम छान चालला आणि उत्तर थोडंसंच चुकलं. थोडंसंच चुकलेलं उत्तर सगळ्यात वाईट कारण ते खरं वाटतं. जुन्या फाइलमध्ये काहीही वाढवताना एडिटरमध्ये ७२ व्या कॉलमवर उभी रेघ लावून घ्या आणि जीफोर्ट्रान हा मोफत कंपायलर वापरत असाल तर सगळ्या वॉर्निंग चालू ठेवा.

फोर्ट्रान ९० पासून फ्री फॉर्म आला. ओळ कुठूनही सुरू करा, कॉमेंटला उद्गारचिन्ह, ओळ पुढे न्यायची तर शेवटी &. फाइलच्या नावाच्या शेवटी नुसतं डॉट एफ असेल तर कंपायलर फिक्स्ड फॉर्म धरतो आणि डॉट एफ९० असेल तर फ्री फॉर्म, यातलं ९० हे फक्त मांडणीसाठी आहे, आत २००८ किंवा २०१८ च्या सोयी वापरल्या तरी नाव तेच ठेवतात. भाषेच्या आवृत्त्या म्हणजे स्टँडर्ड, ६६, ७७, ९०, ९५, २००३, २००८, २०१८, २०२३ अशी रांग आहे, पण वाचणाऱ्यासाठी खरी सीमारेषा एकच, ९० च्या आधीचा कोड आणि नंतरचा कोड.

फिक्स्ड फॉर्मची अजून एक गंमत सांगायलाच हवी. त्यात मोकळ्या जागेला काही अर्थच नाही. 'डू १० आय = १,१०' म्हणजे १० लेबलपर्यंतच्या ओळी आय ची किंमत १ ते १० करत फिरवा. पण स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं, 'डू १० आय = १.१०', तर कंपायलर मधल्या जागा पुसून 'डू१०आय' नावाचं एक नवंच व्हेरिएबल समजतो आणि त्यात १.१० भरून मोकळा होतो, लूप फिरतच नाही. १९६२ चं मरिनर १ यान या टिंबामुळे गेलं अशी गोष्ट खूप ठिकाणी वाचायला मिळते, ती खरी नाही, पण टिंबाचा धोका मात्र शंभर टक्के खरा.

हे न सांगता नवं व्हेरिएबल कसं काय तयार होतं? इथे येतं इम्प्लिसिट टायपिंग. गणितात आपण आय, जे, के, एल, एम, एन ही अक्षरं मोजणीसाठी वापरतो, तीच सवय भाषेने उचलली. नाव आय ते एन यापैकी अक्षराने सुरू होत असेल तर ते आपोआप इंटिजर म्हणजे पूर्णांक, बाकी सगळी रिअल म्हणजे दशांश. वेगळं जाहीर करायची गरजच नाही. तेव्हा एखादं कार्ड कमी लागायचं, आज ही सोय जीवावर उठते, कारण नावात एक अक्षर चुकलं की तक्रार न करता दुसरं व्हेरिएबल तयार. म्हणून नव्या कोडमध्ये प्रत्येक प्रोग्रामच्या आणि मॉड्यूलच्या (हे काय ते पुढे येईल) सुरुवातीला 'इम्प्लिसिट नन' लिहायचंच, म्हणजे जाहीर न केलेलं नाव दिसलं की कंपायलर थांबतो. यावर माझी तडजोड नाही, जुन्या फाइलमध्येसुद्धा सगळ्यात आधी हीच ओळ टाका, शंभर एरर येतील, पण त्या शंभर ओळींतूनच तुम्हाला कोडमधल्या जाहीर न केलेल्या सगळ्या व्हेरिएबलची यादी मिळते.

नाव देऊन प्रकार सांगण्याला डिक्लरेशन म्हणतात. मुख्य प्रकार पाचच, इंटिजर, रिअल, कॉम्प्लेक्स, लॉजिकल आणि कॅरॅक्टर. कॉम्प्लेक्स संख्या भाषेतच तयार मिळते, यावरून ही भाषा कुणासाठी बनली ते कळतं. जुन्या कोडमध्ये 'डबल प्रिसिजन' हा सहावा शब्दही दिसेल, तो वेगळा प्रकार नाही, जास्त अंकांचा रिअलच.

पूर्णांकाचा सापळा बघा. फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचं सूत्र तुम्ही 'सी = ५/९*(एफ-३२)' असं लिहिलं आणि एफ मध्ये १०४ दिलं, तर उत्तर ४० यायला हवं, येतं ०. कारण ५ आणि ९ दोन्ही पूर्णांक, पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांक, दशांशाचा भाग फेकून दिला जातो, ५/९ झालं ० आणि पुढे सगळं शून्य. ५.०/९.० लिहा, ४० येईल. पायथन ३ मधून आलेला प्रत्येकजण इथे एकदा तरी अडकतो.

रिअलमध्येही गोम आहे. साधा रिअल बहुतेक मशीनवर ३२ बिटांचा, त्यात साधारण ७ अंक नीट राहतात. म्हणजे १६७७७२१६ मध्ये १ मिळवला तर उत्तर १६७७७२१६ च राहतं, तो एक हरवून जातो. लाखो छोट्या संख्यांची बेरीज करत असाल तर हे किती महागात पडेल बघा. म्हणून डबल प्रिसिजन, ६४ बिट, साधारण १५-१६ अंक. आता कोणता रिअल किती मोठा हे सांगायला काइंड नावाची खूण वापरतात, लोक सुरुवातीला एकदा 'डीपी' असं नाव ठरवून ठेवतात आणि मग सगळीकडे तेच. पण व्हेरिएबल डबल केलं म्हणून काम संपत नाही, त्यात ०.१ भरलं तर ते ०.१ आधी सात अंकांचंच तयार होतं आणि मग मोठ्या डब्यात जातं, आत बघितलं तर ०.१०००००००१४९ असं काहीतरी असतं. ०.१डी० किंवा ०.१_डीपी लिहिलं तरच खरे पंधरा अंक मिळतात. नुसता लिहिलेला आकडा, ज्याला लिटरल म्हणतात, त्याला स्वतःचा प्रकार असतो हे मनावर कोरून ठेवा.

आता अरे (array), ज्यासाठी ही भाषा आजही जिवंत आहे. अरे म्हणजे एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या संख्या. मोजणी १ पासून, पण हवी तिथून करता येते, दिवसाचे तास हवे तर (०:२३) लिहा. एक उदाहरण धरू, जून ते सप्टेंबर असे १२२ दिवस आणि ५ केंद्रांचा रोजचा पाऊस, 'पाऊस(१२२,५)'. याला रँक २ चा अरे म्हणतात, म्हणजे दोन दिशा. प्रत्येक दिशेची लांबी ती एक्स्टेंट, आणि दोन्ही मिळून (१२२,५) हा शेप. तपासताना हे तीन शब्द एररमध्ये सतत येतात.

मेमरी मात्र एकच लांब रांग असते, चाळीतल्या खोल्यांसारखी, तिथे आडवं-उभं काही नसतं. मग हा तक्ता त्या रांगेत कसा ठेवायचा? फोर्ट्रान पहिला आकडा आधी पळवतो. पाऊस(१,१), शेजारी पाऊस(२,१), मग पाऊस(३,१), असे पहिल्या केंद्राचे १२२ दिवस संपले की दुसऱ्या केंद्राचे सुरू. याला कॉलम मेजर म्हणतात, सी भाषेत बरोबर उलटं, रो मेजर. प्रोसेसर मेमरीतून एकेक संख्या आणत नाही, शेजारच्या चारआठ एकदम आणून जवळच्या कॅशमध्ये, म्हणजे छोट्या वेगवान मेमरीत, ठेवतो. त्यामुळे आतला लूप पहिल्या आकड्यावर फिरवला तर पुढची संख्या आधीच हाताशी असते, आणि दुसऱ्या आकड्यावर फिरवला तर दरवेळी १२२ खोल्या ओलांडून जायचं. एवढ्याशा तक्त्यात फरक जाणवणार नाही, पण हजार गुणिले हजारच्या ग्रिडवर दोन लूपची जागा बदलली की तोच प्रोग्राम कितीतरी पट जलद होतो, गणित तसंच राहतं. मला या भाषेची गोडी लागली ती या एका गोष्टीमुळे.

९० नंतर लूपही न लिहिता 'सी = ए + बी' असं पूर्ण अरेवर लिहिता येतं, सम, मॅटमल, डॉट प्रॉडक्ट ही फंक्शन भाषेतच आहेत, अशांना इन्ट्रिन्सिक म्हणतात. आणि आकार आधी माहीत नसेल तर ॲलोकेटेबल अरे, गरज पडली की 'ॲलोकेट' करून जागा मागायची. ७७ मध्ये ही सोय नव्हती, म्हणून जुन्या कोडमध्ये सुरुवातीलाच ५००० वगैरे मोठा आकडा टाकलेला असतो आणि डेटा त्याहून जास्त झाला की प्रोग्राम शेजारच्या व्हेरिएबलच्या जागेत लिहायला लागतो. जीफोर्ट्रानला बाउंड्स चेक करायचा पर्याय दिला तर तो असं झाल्या झाल्या पकडतो, हळू चालतं, पण तपासण्यापुरतं चालू ठेवाच.

निर्णयाचे आणि फिरण्याचे शब्द सोपे आहेत, 'इफ देन एंड इफ', 'डू एंड डू', मधून बाहेर पडायला 'एक्झिट', पुढच्या फेरीला जायला 'सायकल'. जुन्या कोडमध्ये लूपच्या शेवटी '१० कंटिन्यू' दिसेल, ती काहीच न करणारी ओळ, फक्त लेबल टांगायला खुंटी. पायथनच्या कंटिन्यूशी तिचा संबंध नाही. तुलनेला .एलटी., .जीई., .ईक्यू. असे टिंबांमधले शब्द, कारण तेव्हाच्या कार्ड पंच करायच्या मशीनवर लहान-मोठं दाखवायची चिन्हंच नव्हती. आणि 'इफ (एक्स) १०, २०, ३०' असं दिसलं तर घाबरू नका, तो अरिथमेटिक इफ, एक्स ऋण असेल तर १० वर, शून्य असेल तर २० वर, धन असेल तर ३० वर जा.

मोठ्या प्रोग्रामचे तुकडे दोन प्रकारचे. फंक्शन एक किंमत परत देतं, सूत्रात वापरता येतं. सबरुटीन काम करतं, त्याला 'कॉल' करून बोलावतात. बोलावताना आपण देतो ते ॲक्च्युअल आर्ग्युमेंट, आतल्या बाजूला त्याचं जे नाव असतं ते डमी आर्ग्युमेंट. डमी म्हणजे नकली प्रत नाही हं, व्यवहारात ते बहुतेकदा त्याच जागेचं दुसरं नाव असतं, आत बदललं की बाहेरचं बदललं. काही जुन्या कंपायलरवर सबरुटीनला नुसता २ दिला आणि आत त्यात ३ भरला तर पुढे प्रोग्रामभर २ लिहिलं तरी ३ समजलं जायचं! म्हणून ९० मध्ये इन्टेन्ट आला, 'इन' म्हणजे फक्त वाचायचं, 'आउट' म्हणजे भरून द्यायचं, 'इनआउट' म्हणजे दोन्ही. दुसऱ्याचं सबरुटीन वाचताना मी आधी इन्टेन्ट वाचते, अर्धी गोष्ट तिथेच कळते.

कॉमन ब्लॉक हा जुन्या फाइलमधला सगळ्यात त्रासदायक शब्द. अनेक सबरुटीननी मिळून वापरायची मेमरीची एक सामाईक जागा, पण ती नावाने नाही तर क्रमाने जुळते. एका ठिकाणी 'ए, बी, सी' आणि दुसऱ्या ठिकाणी 'ए, सी, बी' लिहिलं तर कंपायलर काही बोलत नाही, दाबाच्या जागी तापमान वाचलं जातं. याच कामासाठी आता मॉड्यूल आहे, व्हेरिएबल आणि सबरुटीन एकत्र ठेवलेली पेटी, हवं तिथे 'यूज' म्हणायचं, आणि आर्ग्युमेंट जुळतात का हेही कंपायलर तपासतो. मॉड्यूल आधी कंपाइल करावं लागतं, नाहीतर डॉट मॉड फाइल सापडत नाही म्हणून एरर येते.

अजून एक सापळा नव्या कोडमधलाच. सबरुटीनमध्ये डिक्लरेशनच्या ओळीतच 'इंटिजर :: बेरीज = ०' लिहिलं तर वाटतं दरवेळी शून्यापासून सुरू होईल. नाही होत. असं लिहिलं की त्या व्हेरिएबलला आपोआप सेव्ह लागू होतं, शून्य फक्त सुरुवातीला एकदाच, दुसऱ्या कॉलला मागची बेरीज तशीच शिल्लक. डिक्लरेशन वेगळं लिहा आणि 'बेरीज = ०' खाली वेगळ्या ओळीत.

छापण्याची भाषा म्हणजे फॉरमॅट. एफ८.२ म्हणजे एकूण ८ जागा, त्यात टिंब आणि उणे चिन्हही आलं, आणि टिंबानंतर २ अंक. आय५ म्हणजे ५ जागांचा पूर्णांक. आकडा मावला नाही तर त्या जागी नुसते तारे छापले जातात, तो बिघाड नाही, जागा वाढवा. 'राइट(६,१००)' मधला ६ हा युनिट, म्हणजे कुठे लिहायचं, परंपरेने ६ म्हणजे प्रिंटर किंवा आता स्क्रीन, ५ म्हणजे कार्ड वाचणारं यंत्र किंवा आता कीबोर्ड, आणि १०० हे त्या फॉरमॅटच्या ओळीचं लेबल.

डीजीईएसव्ही, डीजीईएमएम असली नावं बघून वैताग येतो, पण ७७ पर्यंत नावाला ६ च अक्षरं परवानगी होती. डी म्हणजे डबल प्रिसिजन, जीई म्हणजे जनरल मॅट्रिक्स, एसव्ही म्हणजे सॉल्व्ह, एमएम म्हणजे मॅट्रिक्स गुणिले मॅट्रिक्स. ही ब्लास आणि लॅपॅक या मॅट्रिक्सच्या गणिताच्या लायब्ररींमधल्या रुटीनची नावं. पायथनमध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीला समीकरणं सोडवायला सांगितली की तोही आत लॅपॅकच्या याच जीईएसव्ही रुटीनला हाक मारतो.

आणि हे काही संग्रहालयातलं प्रकरण नाही. पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ ला प्रत्युष आणि २०२४ ला अर्क हे सुपरकॉम्प्युटर आले, तिथे मान्सूनच्या अंदाजासाठी वापरलेलं सीएफएस हे मॉडेल, त्यातला वातावरणाचा आणि समुद्राचा दोन्ही भाग, फोर्ट्रानमध्ये लिहिलेला आहे. माझ्या फाइलसारख्याच फाइली तिथेही असतात, फक्त हजारोंनी.

तर तुमच्याकडे तशी एखादी आली असेल तर आधी एक प्रत बाजूला ठेवा आणि ती जशी आहे तशी चालवून आउटपुट जपून ठेवा. मग दुसऱ्या प्रतीत इम्प्लिसिट नन, मग सगळ्या वॉर्निंग, मग बाउंड्स चेक, मग कॉमन ब्लॉकची मॉड्यूल, एकावेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही आउटपुट शेजारी ठेवून शेवटच्या अंकापर्यंत जुळवून बघा. माझ्या फाइलमध्ये चौथ्या बदलाला आकडे जुळेनात, तेव्हा शोधत गेले आणि कळलं की चूक माझी नव्हती, एका कॉमन ब्लॉकमध्ये दोन नावांची अदलाबदल कितीतरी वर्षं तशीच पडून होती.